आवाज क्रमांक नऊ: ओला टॉवेल

टॉवेल निळा होता. हे आधीच सांगून ठेवलेलं बरं, कारण पुढे सरकारी कागदात तो पांढरा झाला, इमारतीच्या कमिटीच्या मते तो मुळात नव्हताच, आणि वर्तमानपत्रात त्याच्या जागी थेट काकांचा हात आला. एका साध्या टॉवेलावर इतकी वेळ यावी असं त्याने काही केलं नव्हतं. तो काकांचा आंघोळीचा टॉवेल होता आणि ओला करून फरशीवर आपटला की फार सुरेख वाजायचा, एवढाच त्याचा गुन्हा.

तो आपटणाऱ्या बाईंना, म्हणजे काकांच्या बायकोला, नाटकवाली मंडळी बटणमावशी म्हणत. बावीस वर्षं त्या बायकांच्या एका नाटकमंडळात आवाजाचं काम बघत होत्या. मंडळाची नाटकं अन्यायाविरुद्ध असत, त्यामुळे त्यांत मोर्चे फार. मावशींनी तीन मुली, दोन पत्र्याचे डबे आणि एक जिना एवढ्या भांडवलावर पाच हजार बायकांचा मोर्चा उभा केलेला आहे, आणि खऱ्या मोर्चात चालून आलेल्यांनी हा जास्त खरा वाटला असं सांगितलेलं आहे. इतकं करून नाटकाच्या पत्रिकेत त्यांचं नाव कायम ‘विशेष आभार’ या मथळ्याखाली, चहावाला आणि इस्त्रीवाला यांच्या मधोमध. बायकांच्या अदृश्य श्रमांवर या मंडळाने चार नाटकं केली होती. चारही नाटकांना आवाज मावशींचा होता आणि चारही वेळा आभार विशेष होते.

म्हणून या खेपेला मंडळाच्या दिग्दर्शिकेने शब्द दिला तेव्हा मावशींना आधी खरं वाटेना. दिग्दर्शिकेला सगळे नुसतं ‘बाई’ म्हणत. बाई म्हणाल्या, “मावशी, या वेळी जाहिरातीवर वेगळी ओळ. ‘ध्वनियोजना’, आणि पुढे तुझं पूर्ण नाव. ठळक.” मावशींनी घरी येऊन किराण्याच्या यादीमागे ती ओळ स्वतःच्या अक्षरात लिहून बघितली. वाईट दिसत नव्हती. मग तो कागद त्यांनी पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवला.

नाटकाचं नाव होतं ‘आमच्यात तसं काही नाही’. सरकारने तेव्हा एक नवा कायदा आणायचं घाटलं होतं. घरातल्या मारहाणीची तक्रार पोलिसांकडे जाण्याआधी इमारतीतल्या किंवा गल्लीतल्या ‘समेट समिती’कडे जावी, आणि समितीत शेजारचेच चार प्रतिष्ठित लोक असावेत. म्हणजे ज्यांनी भिंतीपलीकडून ऐकून घेतलं त्यांनीच निकाल द्यायचा. नाटक या कायद्यावर होतं, त्यामुळे संहिता तपासणाऱ्या कार्यालयाने ते फार मन लावून वाचलं आणि अकरा वाक्यं कापली. बाईंनी पत्रकारांना बोलावून जाहीर केलं की जिथे वाक्य कापलं आहे तिथे आम्ही आवाज ठेवू, आवाजावर लाल पेन्सिल चालत नाही.

चालते. चौथ्या दिवशी पत्र आलं: आवाजांची यादी, क्रमवार, स्रोतासह, तीन प्रतींत सादर करावी. बाई तत्त्वाच्या लढाईत गुंतलेल्या होत्या, म्हणून प्रती काढायला आणि कार्यालयात खेटे घालायला मावशी गेल्या.

“आवाज क्रमांक नऊ,” टेबलामागचे साहेब म्हणाले. “थप्पड. ही कोणी मारायची?”

“कोणीच नाही. ती फक्त ऐकू येते.”

“न मारता ऐकू कशी येईल?”

“ओला टॉवेल फरशीवर आपटायचा.”

“मग थप्पड कशाला लिहिलंत? थप्पड लिहिली की हिंसा येते, हिंसेला वेगळं टेबल आहे. टॉवेल लिहा.”

मावशींनी खोडून टॉवेल लिहिलं.

“टॉवेल कोणाचा?”

“यजमानांचा.”

“त्यांची संमती जोडा.”

“टॉवेलासाठी?”

“उद्या ते म्हणाले, माझा टॉवेल मला न विचारता सरकारविरोधी कामाला लावला, तर उत्तर कोण देणार? मी?” साहेबांनी फॉर्म उलटवला. “रंग?”

“निळा.”

“इथे पांढरा आणि इतर एवढंच आहे. इतर लिहिलंत तर नमुना आणून दाखवावा लागेल. पांढरा लिहू का?”

लिहा, मावशी म्हणाल्या. संमतीचा मजकूर छापील होता आणि तो टॉवेलांचा विचार करून लिहिलेला नव्हता. ‘मी खाली सही करणार, स्वखुशीने व कोणाच्याही दबावाविना लिहून देतो की, माझ्या घरातून निघणाऱ्या आवाज क्रमांक (नऊ) याची मला पूर्ण कल्पना असून त्याची सर्वस्वी जबाबदारी माझी राहील.’ खाली सही, त्यावर गोल शिक्का. काकांनी ती चष्मा पुसून, न वाचता केली.

काकांचंही सांगायला हवं. त्यांची उभी हयात वाचनालयात गेली. तीस वर्षं त्यांनी लोकांना गप्प बसवलं, तेही न बोलता, ओठांवर बोट ठेवून. निवृत्त झाल्यावर बोट ठेवायला कोणी उरलं नाही, त्यामुळे ते घरात पुस्तकाआड बसून असत. इमारतीत त्यांना कोणी फारसं ओळखत नसे. त्यांच्या न्हाणीघराच्या छतातून दोन वर्षं पाणी गळत होतं आणि चेअरमनना दिलेले सात अर्ज ओलेच राहिले होते. तेहतीस वर्षांच्या संसारात या माणसाने बायकोवर हात सोडा, आवाजसुद्धा उगारला नव्हता. मावशींना या गोष्टीचा अभिमान होता. तालमीत मुली आपापल्या घरच्या कहाण्या सांगत तेव्हा त्या मुद्दाम काही बोलत नसत. पण आपल्या घरी तसं नाही, हे मनात म्हणून घेत.

ध्वनिमुद्रणाला त्यांनी दुपारची दोन ते चार ही वेळ धरली. तेव्हा इमारत शांत असते. न्हाणीघराच्या फरशीवर टॉवेल उत्तम वाजतो हे चार खोल्यांत आपटून ठरलं. काका झाडूच्या दांड्याला माइक बांधून दारात उभे राहत आणि मावशी आत आपटत. थप्पड ही सोपी गोष्ट नव्हे. जरा सपाट पडली की धुणं वाटतं, जरा कोरडी पडली की टाळी. मावशी म्हणत, “हा नाही लागला नीट. पुन्हा.” मग, “पुन्हा.” मग, “अजून एक, जरा गालाच्या वर.” काका नेहमीप्रमाणे गप्प. तीन दुपारी मिळून चौसष्ट झाल्या.

बाहेर ऐकणाऱ्याला हे कसं ऐकू जात असेल, हा विचार बावीस वर्षं ऐकणाऱ्याचाच विचार करत आलेल्या बाईच्या डोक्यात आला नाही. नवऱ्यावर इतका विश्वास असला की माणूस असा बेसावध राहतो. इमारतीत सोळा बिऱ्हाडं होती. भिंतींना कान असतात म्हणतात, आणि या भिंतींना तर भोकं होती. तीन दुपारी, चौसष्ट थपडा, आणि दार एकानेही वाजवलं नाही.

चौथ्या दिवशी दाराखालून चिठ्ठी आली. खालच्या मजल्यावरच्या निवृत्त इंजिनियरांची होती, टंकलिखित. ‘दुपारी दोन ते चार ही ज्येष्ठांच्या विश्रांतीची वेळ आहे. कृपया सकाळी उरकावे.’

मावशी हसल्या. ध्वनिमुद्रणाचा त्रास झाला असेल बिचाऱ्यांना, असं त्यांना वाटलं. तासाभराने समोरच्या दारातल्या वहिनी आल्या तेव्हा मात्र हसू गेलं. वहिनींच्या हातात मलमाची डबी होती.

“हे लावा. डाग राहत नाही.”

“कसला डाग?”

“मी काही विचारत नाही हो. घरोघरी मातीच्या चुली.” वहिनींनी आत डोकावून काका कुठे आहेत ते बघितलं आणि आवाज खाली आणला. “फक्त एक सांगते. त्या वेळी पुन्हा, पुन्हा असं म्हणू नये. आव्हान दिल्यासारखं होतं. माणूस चेकाळतो.”

मावशींच्या डोक्यात प्रकाश पडला. त्या घाईघाईने म्हणाल्या, “अहो वहिनी, आमच्यात तसं काही नाही.”

बोलल्या आणि स्वतःच्याच कानांनी ते वाक्य ऐकून जागच्या जागी थिजल्या. दोन महिने तालमीत हेच वाक्य त्या रोज ऐकत होत्या. नाटकातली बाई ते नऊ वेळा म्हणते आणि नऊही वेळा ते खोटं असतं. वहिनींनी त्यांच्या गालावरून हात फिरवला. “सगळ्या असंच म्हणतात,” त्या म्हणाल्या.

मावशींनी आत जाऊन टॉवेल आणून दाखवला. म्हणाल्या, आवाज याचा होता.

वहिनींनी तो चाचपला. अजून ओला होता. “टॉवेलाने?” त्या हळूच म्हणाल्या. “बरोबर आहे. ओल्या टॉवेलाचे वळ उठत नाहीत म्हणतात. वाचनालयातला माणूस, डोकं असणारच.”

इथपर्यंतची गोष्ट मावशींनी संध्याकाळी काकांना हसत सांगितली. काका हसले नाहीत, त्यांचा चेहरा उतरला. आपली अब्रू गेली म्हणून त्या रात्री ते नीट जेवले नाहीत. उद्याच प्रत्येकाला गाठून खुलासा करतो, म्हणाले.

पण दुसऱ्या दिवशी सकाळीच न्हाणीघराचं छत दुरुस्त करायला माणूस आला. त्याच्यामागून खुद्द चेअरमन आले आणि काकांना ‘साहेब’ म्हणाले. जिन्यात इंजिनियरांनी त्यांना आधी वाट दिली. तळमजल्यावरचा पोरगेला नवरा, जो आजवर काकांच्या सायकलवर आपली मोटारसायकल टेकवत असे, त्याने ती उचलून लांब लावली आणि वर म्हणाला, “काका, कधी लागलं तर सांगा.” तीस वर्षं सज्जनपणा करून काकांना जे मिळालं नव्हतं ते तीन दुपारींत मिळालं. संध्याकाळी खुलासा झाला का, असं मावशींनी विचारलं, तर काका म्हणाले, “सांगतो ना, वेळ बघून. घाईने सांगितलं तर लोकांना उगाच लपवतोय असं वाटेल.”

आठवड्याभरात काकांची चाल बदलली. जिना चढताना ते खाकरू लागले.

मग कमिटीची बैठक लागली. चेअरमनना नवा कायदा फार आवडला होता. म्हणाले, कायदा येईल तेव्हा येईल, आपल्या इमारतीत समेट समितीची रंगीत तालीम तर करून ठेवू. चार प्रतिष्ठित माणसं खुर्च्यांवर, चहा, बिस्किटं आणि समोर काका-मावशी. मावशींनी पुरावा म्हणून कार्यालयाचा कागद नेला होता. शिक्क्याचा कागद बघितल्यावर कोणाची शंका उरणार नाही, असं त्यांना वाटलं, आणि ते खरंच झालं.

चेअरमननी मोठ्याने वाचलं. “माझ्या घरातून निघणाऱ्या आवाजाची मला पूर्ण कल्पना असून त्याची सर्वस्वी जबाबदारी माझी राहील.” त्यांनी चष्मा काढला. “म्हणजे प्रकरण सरकारदरबारी गेलेलं आहे तर. आणि साहेबांनी लेखी कबुली दिलेली आहे.”

“अहो, खाली टॉवेल लिहिलंय,” मावशी म्हणाल्या. “वाचा ना. आवाज क्रमांक नऊ, ओला टॉवेल.”

“पांढरा,” इंजिनियर वाचून म्हणाले. “वहिनींना निळा दाखवला होता.”

मावशींनी काकांकडे बघितलं. एक वाक्य हवं होतं. मी हिला कधी मारलेलं नाही. व्याकरणदृष्ट्याही काही अवघड नव्हतं. काका चहाच्या कपाकडे बघत होते. कपाचा कान त्यांनी दोनदा फिरवला. समितीने मग निकाल दिला की आपलेच दात आपलेच ओठ, तेव्हा दोघांनीही सांभाळून घ्यावं. मावशींनी उत्तेजन देऊ नये आणि साहेबांनी दुपार टाळावी.

“बरं,” काका म्हणाले.

जिना चढताना मावशींनी विचारलं, “तुम्ही बोलला का नाहीत?”

“सगळे एकदम बोलत होते गं.”

“एक वाक्य होतं.”

“अगं, आता त्या माणसांना तोंडावर खोटं पाडायचं? गळती थांबली ना?”

तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो मावशींना त्या दिवशी नवऱ्याच्या हातून पहिल्यांदा बसला, आणि त्याला हात लावावा लागला नाही.

तरी त्यांनी हाय खाल्ली नाही. त्यांची भिस्त नाटकावर होती. त्यातच बाईंनी चौसष्टच्या चौसष्ट थपडा नापास केल्या. म्हणाल्या, स्पीकरमधून आली की थप्पड खोटी वाटते, प्रयोगात जिवंत हवी. तेव्हा असं ठरलं की मावशींनी रंगमंचाच्या कोपऱ्यात, प्रेक्षकांसमोर, फळीवर टॉवेल आपटायचा. एका बाजूला नटी गाल धरणार, दुसऱ्या बाजूला मावशी हात उचलणार. मावशींना देव पावल्यासारखं झालं. आवाज कुठून येतो हे आता शेकडो माणसांना दिसणार होतं. वर जाहिरातीवर ओळ. त्यांनी सोळाही बिऱ्हाडांना फुकट पास दिले.

पहिल्या प्रयोगाला सगळी इमारत आली. चेअरमन पहिल्या रांगेत, त्यांच्या शेजारी काका, इस्त्रीच्या सदऱ्यात. नववा आवाज आला. मावशींनी टॉवेल उचलला, पिळला, आणि असा आपटला की मागच्या रांगेतलं मूल दचकून आईला बिलगलं. बावीस वर्षांतली ती सर्वांत चांगली थप्पड होती. मावशींनी अभिमानाने प्रेक्षकांकडे बघितलं. इमारतीची रांगच्या रांग रंगमंचाकडे बघत नव्हती, काकांकडे बघत होती. आणि काकांनी, आपल्या पुस्तकाचं कौतुक चालू असताना लेखक बसतो तशी, मान किंचित खाली घातली होती.

प्रयोगानंतर चर्चा हा मंडळाचा रिवाज होता. नाटकात जे सांगितलं ते प्रेक्षकांना पुन्हा समजावून दिल्याशिवाय बाई कोणाला घरी सोडत नसत. माइक फिरत फिरत चेअरमनकडे आला. ते म्हणाले, “आवाज करणाऱ्या या वहिनी आमच्याच इमारतीतल्या. त्यांनी काय सोसलंय ते आम्ही कानांनी ऐकलेलं आहे. त्याशिवाय का इतकं खरं करता येतं? आणि त्यांचे यजमान आज इथे बसलेत, याला मोठं मन लागतं. त्यांनी दोन शब्द बोलावेत.”

काका उठले. मावशी कोपऱ्यात टॉवेल धरून उभ्या होत्या. तेच एक वाक्य त्यांना अजून हवं होतं, आणि आता तर माइकसकट जागा मिळाली होती.

काकांनी घसा साफ केला. समोर तीनशे माणसं, त्यांच्याकडे टक लावून, चिडीचूप. आयुष्यभर त्यांनी शांतता राखायला सांगितली होती, पण ती त्यांच्यासाठी कोणी राखली नव्हती.

“चूक माणसाकडूनच होते,” काका म्हणाले. “यापुढे आमच्या घरातून तसा आवाज येणार नाही.”

टाळ्यांचा कडकडाट झाला. बायका उभ्या राहून टाळ्या वाजवत होत्या. तालमीतल्या दोघी मुली रडल्या. बाईंनी खाली उतरून काकांचे दोन्ही हात हातात घेतले आणि अशा पुरुषांची आज गरज आहे असं सांगितलं. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात काकांचा फोटो आला. मथळा होता, ‘उगारलेला हात जोडला!’

मावशी पेपर घेऊन तडक बाईंकडे गेल्या. “हे खोटं आहे. त्यांनी मला कधी बोटसुद्धा लावलेलं नाही. तुम्हांला तर ठाऊक आहे, टॉवेल आहे.”

बाईंनी त्यांना खुर्चीवर बसवलं आणि पाणी दिलं. “मावशी, बावीस वर्षं आमच्यात राहून तुला सांगायचा धीर झाला नाही, याचं मला वाईट वाटतं. चूक आमची आहे.”

“बाई, टॉवेल तुम्ही डोळ्यांनी बघितलात.”

“टॉवेल बघितला गं. त्याच्यामागे काय आहे ते आता कळलं.”

कोणत्याही स्त्रीच्या शब्दावर विश्वास ठेवायचा, हे मंडळाचं पहिलं तत्त्व होतं. भिंतीवर चौकटीत लावलेलं होतं. तीच ‘तसं काही झालं नाही’ म्हणाली तर काय करायचं, ते चौकटीत बसलं नव्हतं. मावशींचं लक्ष टेबलावरच्या नव्या जाहिरातीकडे गेलं. ‘ध्वनियोजना’ ही ओळ गेली होती. तिच्या जागी ‘एका घरातून आलेला खरा आवाज’ असं छापलं होतं, ठळक, आणि नाव नव्हतं.

“योजना म्हटलं की ते केलेलं वाटतं,” बाई म्हणाल्या.

“मी केलेलंच आहे.”

“हो गं. पण तेवढं कशाला सांगायचं?”

मावशी तिथून निघाल्या. ऐकणाऱ्याला खरं वाटावं आणि कोणालाही लागू नये, ही त्यांची सगळी कला. ती आता सोसलेल्या माराच्या खात्यावर जमा झाली होती. मार न खाता.

नंतर प्रत्येक चर्चेला काकांना बोलावणं येऊ लागलं. त्यांचं दोन वाक्यांचं भाषण वीस मिनिटांचं झालं. आपण रागावर कसा विजय मिळवला हे ते सांगत. राग कधी आला होता, हे मावशींना आठवेना. घरी त्या एकदाच म्हणाल्या, “लोकांना खरं सांगा.” काका म्हणाले, “अगं, किती नवऱ्यांना माझ्यामुळे बळ मिळतं. एवढ्यातेवढ्यासाठी कशाला मोडता घालतेस?”

सहाव्या प्रयोगाला चर्चेच्या वेळी मावशी रंगमंचाच्या मागच्या कोपऱ्यात आवाजाच्या टेबलाशी होत्या. काकांनी माइक हातात घेतला, घसा साफ केला आणि म्हणाले, “बंधूंनो आणि भगिनींनो, एक काळ असा होता—” आणि मावशींनी बोटाने एक खटका खाली ओढला. काकांचे ओठ हलत राहिले. त्यांनी माइकवर टिचकी मारली, फुंकर मारली, उलटा करून बघितला. लोक चुळबुळ करू लागले. काकांनी मागे वळून खूण केली. मावशींनी दोन्ही हात वर केले, आपल्याला काही कळत नाही अशा अर्थी. आणि मग पुन्हा हात मांडीवर ठेवून बसल्या.

काका लाल झाले. मान ताठ झाली. तेहतीस वर्षांत जे झालं नव्हतं ते झालं.

“अगं ए! चालू कर ते! अक्कल आहे का तुला?”

माइकशिवाय तो आवाज भिंतीवर आपटून परत आला.  इतक्या माणसांतून कोणी काही बोललं नाही. बाईसुद्धा बोलल्या नाहीत. मग पहिल्या रांगेतून चेअरमन समजुतीच्या सुरात म्हणाले, “करा की वहिनी चालू. चार लोकांत बरं दिसतं का?”

टेबलावर प्रेक्षकांना सूचना देण्याचा एक छोटा माइक असतो. फोन बंद ठेवा, जागेवर बसा, एवढंच आजवर मावशी त्यावर बोलल्या होत्या. त्यांनी तो चालू केला. त्यांना रडू आलं नव्हतं, नुसता राग होता, आणि आवाज मात्र अगदी स्थिर होता.

“हा टॉवेल नव्हता,” त्या म्हणाल्या.

 मग कुठून तरी एक टाळी आली, मग दुसरी, आणि सगळं सभागृह उठून उभं राहिलं. पहिल्या प्रयोगाला झाल्या होत्या त्याच्या दुप्पट टाळ्या झाल्या. बाई धावत टेबलाशी आल्या. डोळे पुसत म्हणाल्या, “मावशी, केवढा शेवट दिलास. हा आता रोज ठेवायचा. अस्साच.”

 मावशी केबल गुंडाळायला लागल्या. गर्दी ओसरल्यावर काका टेबलाशी आले. राग कधीच गेला होता, चेहऱ्यावर तेज होतं.

“नीट ऐकू आला का गं माझा आवाज? मागपर्यंत?”

“आला,” मावशी म्हणाल्या. कामाच्या बाबतीत त्यांनी कधी खोटं सांगितलं नव्हतं. “शेवटच्या रांगेपर्यंत आला.”

“मग उद्या किती वाजता निघायचं?”

“तुम्ही निघा तुम्हांला हवं तेव्हा. मी उद्या नाही. परवाही नाही.” मावशींनी केबल पिशवीत घातली आणि पिशवी खांद्याला लावली.

काका तिथेच उभे राहिले. 

“अगं, पण मग मी ओरडू कोणावर?” त्यांनी विचारलं, आणि त्यांच्या आवाजात खरी काळजी होती.